फक्त खाण्यापिण्याच्या गप्पा

अक्काने फोनवर एकच अट घातली होती.

"येईन मी जेवायला. पण गप्पा फक्त खाण्यापिण्याच्या. मागचं उगाळायचं नाही, कोण चुकलं नि कोण बरोबर ते काढायचं नाही. एक अक्षर जरी निघालं ना, तर मी उठले म्हणून समज."

"हो हो, अक्का, नुसतं खाणंपिणं," असं म्हणून सुनेने इकडे मानही डोलावली होती, जशी काही अक्का फोनमधून बघतच होती.

दुसरी अट नानांची, म्हणजे सुनेच्या सासऱ्यांची आणि अक्काच्या धाकट्या भावाची, आणि ती पहिलीच्या वरताण. "माझ्या दुखण्याचा तिच्यासमोर ब्रसुद्धा काढायचा नाही. मंगळवारी माझा गळा कापणार आहेत हे कळलं की ती लगेच विरघळणार. मरायला टेकलेल्या माणसावर कोण राग धरतं? तसली माफी मला नको. त्यापेक्षा शिव्या परवडल्या."

आता आली का पंचाईत! एकीला मागचं चालत नाही, दुसऱ्याला पुढचं चालत नाही. उरलं काय, तर ताटात असेल तेवढंच. आणि या दोघांना एका टेबलाशी बसवायचा घाट घातला होता सुनेने, म्हणजे जिचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता तिने. ती घरात आली तेव्हा भांडण जुनं होऊन मुरलेलं होतं.

भांडण तरी कसलं? नाना वर्तमानपत्रात दर आठवड्याला शहरातल्या खाण्याच्या जागांवर लिहायचे. टोपणनाव 'बोका'. ते नावही अक्कानेच ठेवलेलं, कारण लहानपणी स्वयंपाकघरात काही शिजलं की हा आधी वास घेत हजर. बोक्याने चांगलं म्हटलं की त्या हॉटेलाबाहेर रांगा लागायच्या, आणि बोक्याने नाक मुरडलं की मालक डोक्याला हात लावून बसायचे. अक्काचा नवरा गेला, आणि वर्षभराने तिने एका गल्लीत स्वतःची खाण्याची जागा काढली. छोटीशी, भिंतीला निळा रंग दिलेली. सगळ्यांना वाटलं, चला, धाकटा भाऊ आहे, बाईची गाडी रुळावर आली. धाकटा भाऊ गेला, जेवला, आणि लिहिलं काय? पाव चांगला, मासा ताजा, पण सूप इतकं पाणचट की वाडग्याचा तळ दिसतो आणि सुपापेक्षा तळच जास्त चवदार वाटतो. शहर हसलं. शहराला काय, हसायला निमित्तच हवं असतं. पुढच्या उन्हाळ्याआधी निळ्या भिंतींच्या जागी चपलांचं दुकान आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? अक्काने बोलणंच टाकलं ते आजतागायत.

आणि आता डॉक्टर म्हणाले होते, "जीव वाचवू. पण आवाज राहीलच असा शब्द मी देत नाही. खाणं बरेच महिने नळीनेच."

म्हणजे भावाबहिणीला जे काही बोलायचं असेल त्याला मंगळवारपर्यंतचीच मुदत. आज रविवार. नाना गेले कित्येक दिवस संध्याकाळी फोन हातात घेऊन बसायचे, अक्काच्या नंबरापर्यंत यायचे, आणि उद्याचं हवामान बघून फोन ठेवून द्यायचे. सून औषधाच्या दुकानात काम करणारी. लोकांच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची सवय. तिला हे बघवेना, म्हणून तिने फोन लावला होता. आता हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या गोल टेबलाशी बसून ती स्वतःलाच विचारत होती की ही अवदसा आपल्याला कुठून आठवली.

तिने टेबल एकदा बदलून घेतलं होतं, कारण पहिलं दारासमोर होतं आणि रागावलेल्या माणसाला दार जवळ असू नये. मग नानांना खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे चेहऱ्यावर सावली राहील. त्यांच्या गळ्याभोवती तपकिरी मफलर होता, सूज झाकायला.

"काय कंपाउंडरीणबाई," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डोस किती वेळाने आहे?"

"तुम्ही कमी बोला, नाना. आवाज जपून वापरा."

"जपून काय करू? व्याज मिळणार आहे?"

तिच्या नवऱ्याने, म्हणजे बंड्याने, मेनूकार्डात डोकं खुपसलं. तो इमारतींचे नकाशे काढायचा आणि घरात वादळ आलं की कुठल्याही कागदात तोंड घालायची त्याला सवय होती. त्याची बहीण चिमी शाळेत भूगोल शिकवायची. ती मात्र ताठ बसली होती, आणि तिचा कल आधीपासूनच आत्याकडे होता.

"मी आधीच सांगते," चिमी म्हणाली, "अक्का चिडली तर मी तिच्या बाजूने उठणार. नाना, तुम्ही चुकलातच होतात."

"चिमे, आज नको," सून म्हणाली.

"आज नाही, मग काय मंगळवारनंतर?"

"अगं हळू!" बंड्या मेनूतून बोलला. "आली."

अक्का जिन्यातून वर आली ती काठी टेकत, पण काठी तिला आधाराला कमी आणि दरारा ठेवायला जास्त असावी. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर जाड चष्मा. टेबलापाशी येऊन तिने एकेकाला बघून घेतलं आणि शेवटी नानांवर नजर आणली.

"वाळलास," ती म्हणाली.

"तू नाही वाळलीस," नाना म्हणाले.

"आवाजाला काय झालं?"

"सर्दी!" बंड्या म्हणाला.

"ॲलर्जी," त्याच क्षणी चिमी म्हणाली.

"ॲलर्जीची सर्दी," सुनेने घाईघाईने गाठ मारली.

अक्का बसली. वेटर आला. आणि इथे नानांनी पहिला बॉम्ब टाकला. डॉक्टरांनी मऊ आणि पातळ याशिवाय कशालाही हात लावू नका असं बजावलेलं, आणि नाना म्हणतात, "मला मटण. भाजलेलं. हाडासकट."

सुनेने टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. नानांनी पाय काढून घेतला. अक्कासमोर खिमट मागवणाऱ्यांतले ते नव्हतेच. अक्काने मासा सांगितला, बाकीच्यांनी तोंडाला येईल ते सांगून टाकलं.

आणि मग? पाण्याचे ग्लास बघायचे, खिडकीतून रस्ता बघायचा. अट होती खाण्यापिण्यावर बोलायची, पण सुरुवात कोण करणार?

"अक्का," बंड्याने शेवटी घसा खाकरला, "ते पोपटवालं हॉटेल कुठे होतं हो? नाना सांगायचे."

अक्काचा चेहरा जरासा हलला. "भाजीबाजाराच्या मागे. गल्ल्यावर पिंजरा होता. वेटर जे ओरडेल ते पोपट परत ओरडायचा. 'दोन चहा, एक आम्लेट!' मालकाला वाटायचं, गिऱ्हाइकांना गंमत वाटते."

"आणि अक्काने त्याला शिकवलं," नाना म्हणाले, "'चहा दे, पैसे नको!'"

"खोटं! तू शिकवलंस. रोज शाळेतून येताना पिंजऱ्याशी जाऊन बडबडायचास. मी फक्त तुझा हात धरून उभी असायचे."

"हात धरून 'मोठ्याने म्हण' कोण सांगायचं?"

अक्का हसली. खांदे हलतील असं, मोकळं. सुनेला वाटलं, बरं झालं, बाबा. तिने पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि आपण सकाळपासून काहीच खाल्लं नाही हे तिच्या लक्षात आलं.

मग गाडी सुटलीच. बंदरावर उभ्याने खायचा तळलेला मासा निघाला, जिथे कागदातून तेल गळून दोघांच्या बुटांवर कायमचे डाग पडले होते. मोठ्या हॉटेलचं फिरतं दार निघालं, ज्यात छोटा बोका शिरला आणि बाहेर पडायचं नाव घेईना, शेवटी दरवानाने मानगूट धरून काढला. अक्काला बघायला, म्हणजे फिरायला न्यायला, तिचा होणारा नवरा यायचा, आणि आईने पहारेकरी म्हणून बोक्याला बरोबर लावून दिलेलं.

"भावोजी हुशार," नाना म्हणाले. बोलताना मध्येच थांबून त्यांनी पाणी घेतलं, आणि तो घोट खाली जायला लागलेला वेळ सून श्वास धरून बघत राहिली. "आइस्क्रीमच्या दुकानात मला आतल्या टेबलाशी बसवायचे, मोठा कप द्यायचे आणि हे दोघं बाहेरच्या टेबलाशी."

"आणि घरी जाऊन तू काय सांगायचास?"

"हेच की दोघं फक्त हवापाण्यावर बोलले."

"आणि तुझी पहिली बिअरही मीच लपवली," अक्का नानांना म्हणाली आणि चिमीकडे वळली. "तुझा बाप पहिल्यांदा बिअर प्यायला ना, तर खांबाला 'काका' म्हणत होता. मी त्याला पेपरमिंटच्या गोळ्यांची अख्खी पुडी चारली आणि मग घरी नेला. आई म्हणते, याच्या तोंडाला दाताच्या दवाखान्यासारखा वास का येतोय?"

टेबलाभर हसू झालं. जेवण आलं. नानांनी सुरी-काटा घेतला आणि मटणाचे तुकडे करायला सुरुवात केली. अगदी बारीक. मग त्याहून बारीक. मग एक तुकडा डावीकडून उजवीकडे, एक सॅलडच्या पानाखाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बश्यांवर न्यायाधीश म्हणून बसलेला माणूस शाळकरी पोरासारखा स्वतःची बशी लपवत होता.

"आणि स्टेशनावरचा तो मोठा हॉल," चिमी रंगात येऊन बोलून गेली, "उंच खिडक्यांचा. आई आम्हाला दर सुट्टीत तिथेच..."

ती थांबली. पण शब्द सुटला तो सुटला. आई, म्हणजे नानांची बायको, गेली ती याच न बोलण्याच्या वर्षांत.

सुनेने चिमीला टेबलाखाली जोरात लाथ मारली.

"पोरी," अक्का शांतपणे म्हणाली, "तो माझा पाय आहे."

"माफ करा, अक्का..."

"असू दे. तुझ्या आईला तिथली कॉफी फार आवडायची, चिमे. दोन साखरा, आणि वर तिसरी चोरून." तिने माशाचा काटा बाजूला काढला. "ती गेली त्या दिवशी मी आले होते. खाली फाटकाशी उभी होते."

"माहीत आहे," नाना म्हणाले. "वरून बघितलं मी."

सून मनात म्हणाली, आता उठणार, आता पर्स घेणार. अटच मोडली होती, तीही खुद्द अक्काने. पण अक्का उठली नाही. तिने नानांकडे बराच वेळ बघितलं, आणि मग चेहऱ्यावर एक लबाड, पोरकट भाव आणून आपली बशी टेबलावरून त्यांच्याकडे ढकलली. अर्धा मासा नीट राखून ठेवलेला होता.

"चल, बोक्या. अर्धं झालं. बदल."

"म्हणजे?" सुनेने बंड्याला कुजबुजत विचारलं.

"लहानपणी करायचे," बंड्या पुटपुटला. "बाहेर जेवायला गेले की दोघं वेगवेगळं मागवायचे. अर्ध्यावर बश्यांची अदलाबदल. दोघांनाही दोन्ही खायला मिळावं म्हणून. नाना आमच्याशी नाही करायचे कधी. म्हणायचे, ते फक्त अक्काशी."

इतक्या वर्षांनी त्या बाईने स्वतःहून बशी पुढे केली होती, आणि समोरच्या बशीत बारीक चिरून पानांखाली पुरलेलं, न खाल्लेलं मटण होतं. बशी बदलली की सगळं उघडं. न बदलली, तर?

नानांनी आपल्या बशीवर हात आडवा धरला.

"नको," ते म्हणाले.

"का?"

"माझं व्हायचंय अजून."

"अरे म्हणूनच तर. अर्ध्यावरच बदलायची ना?"

"अक्का, नको म्हटलं ना!"

आवाज चिरकला. नुसता घसा बसलेल्या माणसाचा चिरकतो तसा नव्हे, पण अक्काला फक्त त्यातला तोडून टाकणारा सूर ऐकू आला. तिचा हात बशीच्या काठावर तसाच राहिला. मग तिने बशी हळूहळू मागे ओढली.

"कळलं," ती म्हणाली. "माझं उष्टंही पाणचटच लागत असेल."

"अक्का, तसं नाहीये..." सून उठलीच अर्धी.

आणि नेमका त्याच वेळी वेटर आला. हसतमुख, हातात वाडगा, वाडग्यातून वाफा. त्याने तो मोठ्या अदबीने नानांसमोर ठेवला.

"आजोबांसाठी खास सूप. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं ना, मुद्दाम पातळ करून आणलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुनेनेच काल फोन केला होता. वयस्कर गृहस्थ आहेत, चावायला जमत नाही, काहीतरी पातळ ठेवा आणि गुपचूप आणा. बाकी सगळं त्या माणसाने ऐकलं, एक 'गुपचूप' तेवढं सोडून.

अक्का वाडग्याकडे बघत राहिली. मग सुनेकडे. मग नानांकडे.

"वा," ती म्हणाली. "म्हणजे यासाठी बोलावलंत. एवढ्या वर्षांनी, एवढ्या कौतुकाने. सूप! तेही मुद्दाम पातळ!"

"अक्का, देवाशपथ..." बंड्याने पहिल्यांदा मेनूकार्ड खाली ठेवलं आणि बायकोकडे वळला. "हे काय करून ठेवलंस तू? कुणी सांगितलं होतं फोन करायला?"

"तू करणार होतास?" सून उसळली. "तू आजवर केलंयस काय?"

"भांडू नका," चिमी ताडकन उभी राहिली. "चल अक्का, मी तुला घरी सोडते. मी म्हटलंच होतं. यांना माणूस दुखवायची हौसच आहे."

"चिमे, तुला सगळं माहीत असून तू असं बोलतेस?" सून ओरडलीच. शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी काटे खाली ठेवले.

अक्का काठीवर भार देऊन उठत होती. आणि नाना? नानांनी काय करावं? त्यांनी बोलायला तोंड उघडलं, घशातून नुसती खरखर आली, तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदी रुमाल पुढ्यात ओढला आणि लिहायला लागले.

अक्का ते बघून थांबली. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

"लिहितोयस?" ती म्हणाली. "परत लिहितोयस? मी तुझ्यासमोर उभी आहे, बोक्या, आणि तू लिहितोयस?"

सुनेला पुढचं आठवतच नाही नीट. दिलेला शब्द, घातलेली शपथ, सगळं बाजूला राहिलं. तोंडातून निघून गेलं ते गेलंच.

"अक्का, मंगळवारी त्यांचं ऑपरेशन आहे. गळ्याचं. त्यांना गिळता येत नाही. घास जात नाही खाली, म्हणून बशी देत नाहीत. सूप मी सांगितलं, त्यांनी नाही. त्यांना माहीतही नव्हतं. तुमची दया नको म्हणून सांगू देत नव्हते. पण मला नाही आता सहन होत. मला नाही होत!"

नानांनी टेबलावर मूठ आपटली. ग्लास हलले. त्यांनी सुनेकडे बघितलं ते असं, की तिला वाटलं, या घरातलं आपलं स्थान आज संपलं. इतकी वर्षं जमवलेला जिव्हाळा एका वाक्यात घालवला आपण. ती रडायला लागली, आणि रडताना तिला स्वतःचा रागही येत होता.

अक्का खाली बसली. खुर्ची नीट ओढून न घेताच.

तिने नानांच्या बशीतलं पान काट्याने उचलून बाजूला केलं. खालचे तुकडे बघितले. मग गळ्याभोवतीचा मफलर बघितला, एवढ्या उकाड्यातला. तिने काही विचारलं नाही. हात पुढे करून नानांच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि आपल्या मुठीत धरून ठेवलं.

"आवाज?" तिने सुनेला विचारलं.

"राहीलच असं सांगत नाहीत."

"म्हणजे मंगळवारपासून हा फक्त लिहिणार."

सुनेने मान हलवली.

"मग नको," अक्का नानांकडे वळली. "लिहून तू मला जन्मभर पुरेल एवढं सांगितलंयस. आज तोंडाने बोल."

"काय बोलू?" नाना कसेबसे म्हणाले.

"सूप पाणचट होतं?"

सुनेने डोळे मिटले. नाना, खोटं बोला. आयुष्यात एकदा. एक शब्द, 'नव्हतं', इतकंच म्हणा. बंड्याने तिचा हात धरला होता, कधी धरला तिला कळलंही नव्हतं.

"होतं," नाना म्हणाले.

चिमीने कपाळाला हात लावला. पण अक्काने नुसता एक लांब श्वास सोडला.

"मला माहीत होतं रे, मेल्या. तेव्हाच माहीत होतं. त्या दिवशी माणसं अचानक जास्त आली आणि मी घाबरून पातेल्यात पाणी ओतलं. चमच्यात दिसत होतं मला. माझं भांडण सुपाचं कधी नव्हतंच!" तिचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. "पण तू उठून आत यायचंस ना. दाराआड मीच होते. माझ्या कानात सांगायचंस, अक्का, आज बिघडलंय. मी पातेलं मोरीत ओतलं असतं. तू सगळ्या शहराला सांगितलंस, एक मला सोडून."

"आलो होतो," नाना म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "आतल्या दारापर्यंत. तू हसत होतीस कुणाशी तरी. भावोजी गेल्यावर पहिल्यांदाच. मला तोंड उघडवेना."

"आणि लिहवलं?"

"लिहायला समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही."

अक्काने त्यांच्याकडे बघितलं. "हीच तुझी खोड. लहानपणापासूनची. फुलदाणी फोडलीस तेव्हाही आईला चिठ्ठी लिहिलीस आणि माळ्यावर जाऊन बसलास."

बंड्याला हसू फुटलं आणि त्याने ते लगेच गिळलं. नाना मात्र हसले नाहीत. ते अक्काच्या मुठीतल्या पेनाकडे बघत होते.

"आणखी काय आहे?" अक्का म्हणाली. "मला दिसतंय, आणखी आहे. सांग. मी कुठे जात नाही."

वेटर जवळ आला, सगळ्यांचे चेहरे बघून आल्या पावली परत गेला. सून नाक पुसत बघत होती. गेले कित्येक महिने या माणसाने घरात थट्टेशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. तपासणीला जाताना, रिपोर्ट आणताना, डॉक्टर पुढ्यात कागदावर गळ्याचं चित्र काढत असतानाही यांचं आपलं 'चित्र बरं काढता हो' चालूच. बंड्या म्हणायचा, नाना म्हणजे वाघ. चिमी म्हणायची, नाना म्हणजे दगड. आणि सून अंथरुणात पडल्या पडल्या विचार करायची, की या घरात घाबरट मी एकटीच.

"अक्का," नाना म्हणाले, "मला भीती वाटतेय."

चिमी खुर्चीत बसली. बंड्याने मान खाली घातली. हे वाक्य या घरात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यांच्या बायकोनेही नसेल.

अक्काने खुर्ची सरकवली आणि भावाच्या इतक्या जवळ आणली, की दोघांचे गुडघे टेकले.

"वाटणारच," ती म्हणाली. "मलाही वाटतेय आता. कशाची वाटते तुला? मरायची?"

"नाही. ती आहे, पण ती नाही." नानांनी घोट गिळायचा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं की कशाचं ते त्यांनाच माहीत. "भूल उतरली की... मी एकटा असणार. जाग आली की घशात नळी. हाक मारायला तोंड उघडणार आणि काहीच यायचं नाही बाहेर. रोज तेच दिसतं. मी हाक मारतोय आणि कुणाला ऐकू जात नाही."

"कुणाला मारतोस?"

"काय?"

"हाक. कुणाला मारतोस रोज?"

नानांचा खालचा ओठ लहान पोरासारखा थरथरायला लागला. त्यांनी मुलाकडे बघितलं नाही, मुलीकडे बघितलं नाही.

"तुला," ते म्हणाले.

अक्काने चष्मा काढला. पदराने पुसला, परत घातला, परत काढला. दिसायचं बंद झालेल्या काचांवर तिचा राग निघत होता.

"मग हाक कशाला मारायला लागतेय, बोक्या?" ती म्हणाली. "डोळा उघडशील तेव्हा मी तिथेच बसलेली असेन."